गोळीबाईच्या नावावरची चूक

तिला सगळी शाळा गोळीबाई म्हणायची. सरकारी दवाखान्यातली नर्स. वर्षातून दोनदा जंताच्या गोळ्या घेऊन आमच्या शाळेत यायची. बुटकी, तुरुतुरु चालणारी, खांद्यावर तिच्याहून जड वाटावी अशी पिशवी. फाटकात दिसली रे दिसली की पोरं ओरडत सुटायची, "आली, आली, गोळीबाई आली!" निम्मी बाकाखाली लपायची, निम्मी पोट धरून कण्हायला लागायची. पण सुटका कुणाची नाही. एकेकाला समोर उभं करून ती स्वतःच्या डोळ्यांदेखत गोळी चावायला लावायची.

"चाव. गिळू नको, तू काय बदक आहेस? चाव नीट. आता आ कर. जीभ वर. डाव्या गालात काय लपवलंस?"

"काही नाही बाई, दात आहे."

"मग दाताला सांग, पुढे सरक. बरं, पळ. पुढचा!"

एकदा एका आगाऊ पोरानं विचारलं, "बाई, पोटातले जंत मेल्यावर दिसतात कसे?" तर ती म्हणाली, "तुझी वही उघड. तुझं अक्षर बघ. हुबेहूब तसेच." सगळा वर्ग हसून लोटपोट. तो पोरगाही हसला आणि हसता हसता गोळी चावून बसला. असं होतं तिचं काम. वरवर थट्टा, पण एकही तोंड सुटायचं नाही.

ही गोष्ट तिची आहे. पण तिच्या कामाला जो बट्टा लागला तो माझ्या हातचा, म्हणून मध्ये मध्ये मी येणार. त्याला इलाज नाही.

मी त्या शाळेची सफाईवाली. सगळे मला मावशी म्हणायचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे असलेले मोठे सरसुद्धा. गोळीबाई दुपारी डबा खायला शिक्षकांच्या खोलीत बसायची नाही. माझ्या झाडूच्या खोलीच्या पायरीवर येऊन टेकायची. म्हणायची, "तिथं सगळ्यांना आपापली दुखणी आठवतात. इथं जरा निवांत." मग दोघी आपापला डबा उघडायचो आणि एकमेकींच्या डब्यात हात घालायचो.

अशाच एका दुपारी तिनं मला तिच्या लहानपणाचं सांगितलं. तिसरीत ती दोन वर्षं बसली होती. वर्गात बसली की झोप यायची. पुस्तकातल्या ओळी मुंग्यांसारख्या चालू लागायच्या. घरी तिला "झोपाळू म्हैस" म्हणायचे, शाळेत "ढ". वडील विटांच्या भट्टीवर कामाला, पोरं दिवसभर चिखलात अनवाणी. मग कुणीतरी एक म्हातारी नर्स आली, तिनं हिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाली, "ही पोर ढ नाही. हिचं रक्त किडे पितायत." औषध झालं, रक्ताच्या गोळ्या झाल्या, आणि चौथीत हीच पोर वर्गात दुसरी आली.

"पहिली का नाही आलीस?" मी विचारलं.

"पहिली आली ती गुरुजींची मुलगी," ती म्हणाली. दोघी खूप हसलो. मग ती म्हणाली, "मावशी, मला कुणी ढ म्हटलेलं अजून चालत नाही. माझ्या हातून एक जरी पोर तशीच राहिली ना, तर मला वाटेल मीच तिला दोनदा नापास केलं."

तिचं हे बोलणं मी ऐकलं होतं. ऐकूनही पुढचं सगळं केलं.

आता माझ्या संडासांचं सांगते. शाळेला सहा नवे संडास बांधून मिळाले. तीन मुलांचे, तीन मुलींचे, आणि आत पांढऱ्या फरशा. माझ्या घरातसुद्धा नव्हत्या तशा. उद्घाटनाला मोठे साहेब आले. महिन्याभरानं तपासणीला पुन्हा आले, आत डोकावले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इतके स्वच्छ संडास मी कुठल्याच शाळेत पाहिले नाहीत. कोण ठेवतं?" मोठ्या सरांनी मला पुढे केलं. साहेबांनी मला हात जोडले. मला! मी चौथी शिकलेली बाई, जन्मभर लोकांची घाण काढलेली. त्या दिवशी मी घरी गेले ती चालत नाही, तरंगत.

पण तीनशे पोरं आणि सहा संडास. टाकीचं पाणी संडासापर्यंत येत नव्हतं, बादल्या मी वाहायची. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. सकाळी धुऊन काढावं आणि मधल्या सुट्टीनंतर बघावं तर कुठे मातीचे पाय, कुठे पाणी नाही, कुठे भिंतीवर बोटं पुसलेली. दोन-चार महिने सोसलं. मग एक दिवस सहा कुलपं लावली. मोठ्या सरांना सांगितलं, "पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा, उघडून ठेवते." सरांनी मान हलवली. सरांचा वाटा सरांकडे. कुलपं मी लावली.

पोरं मग कुठे जाणार? शाळेची मागची भिंत एका ठिकाणी पडलेली होती. त्या भगदाडातून पलीकडे झुडपं. वर्गाबाहेर चपला काढून ठेवायची शिस्त, त्यामुळे जाताना अनवाणी. परत येताना नळाशी एक चूळ, हात कपड्याला. हे मी रोज बघत होते. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आम्ही लहानपणी कुठे जायचो? माझे संडास मात्र आरशासारखे. लोक तोंड बघण्यासाठी आरसा ठेवतात, मी आरसा कुलपात ठेवला होता.

गोळीबाईच्या गोळ्या चालू होत्या, पण आकडे उतरत नव्हते. ती दरवर्षी शंभर पोरांची शी तपासायला न्यायची. त्यासाठी रिकाम्या काड्यापेट्या वाटायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर्गात हलकल्लोळ. एक जण आपली विसरला म्हणून धाकट्या भावाची घेऊन आला. एकीच्या आजोबांनी काडी पेटवायला पेटी उघडली, ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. गोळीबाई हसत हसत सगळ्या पेट्यांवर नावं लिहायची. पण निकाल आला की तिचं हसू जायचं. बाकीच्या शाळांत शंभरात दहा-बारा पोरांत जंत. आमच्या शाळेत बेचाळीस.

एकदा ती माझ्या पायरीवर बसली ती डबा न उघडताच.

"आमच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतेस की फेकून देतेस?"

"असं कसं म्हणतील?"

"म्हणाले. मावशी, काय होतंय कळत नाही. गोळी तर मी चावून घेते. मग सहा महिन्यांत पुन्हा कुठून येतात? पाणी तपासलं, टाकी तपासली." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "पोरं संडासात जातात ना सगळी?"

तिला संशय यायचं कारणच नव्हतं. ती यायची त्या दिवशी कुलपं निघालेली असायची. पाहुणे म्हणजे पाहुणे. तिच्यासमोर पोरं रांगेनं आत जायची, नवलाईनं खिदळत. त्यावरूनच तिला कळायला हवं होतं खरं, रोजच्या संडासाला कोण एवढं खिदळतं? पण तिचा माझ्यावर विश्वास होता.

मी म्हटलं, "जातात की. रोज धुते मी."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. लखलखीत, न वापरलेले संडास मी रोज धूत होते. त्या खऱ्या वाक्याच्या पदराआड मी खोटं वाक्य लपवलं. ती म्हणाली, "मग माझंच कुठेतरी चुकतंय," आणि डबा तसाच पिशवीत घालून पुढच्या वर्गाकडे गेली.

माझी नात तेव्हा त्याच शाळेत तिसरीत होती. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती चालायची नाही, फिरायची. दारातून आत आली की आधी स्वतःभोवती तीन गिरक्या. त्या वर्षी तिच्या गिरक्या थांबल्या. शाळेच्या जिन्यावर दोनदा बसायची. ओठ फिकट, पोट पुढे, हातपाय काड्या. आणि खायला बघावं तर माती! घरातल्या भिंतीचा पोपडा नखानं काढून तोंडात टाकायची. शाळेतून खडूचे तुकडे आणायची. मी तिला काय काय बोलले. "भिंतीला भोक पाडून शेजाऱ्याकडे जेवायला जाणार का गं?" एकदा पोपड्याचा पांढरा भुगा ओठांवर दिसला तेव्हा हातावर फटकाही मारला. ती रडली नाही. रडायलासुद्धा दम लागतो.

तिच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, "वर्गात झोपते." सून म्हणाली, "आई, तुम्हीच तिला लाडावलंय. रात्री गोष्टी सांगत बसता." मीही तेच मानलं. गोळीबाईनं स्वतःची सगळी कहाणी मला सांगितली होती, झोप, मुंग्यांसारख्या ओळी, सगळं. माझ्याच घरात तीच कहाणी चालू होती आणि मी तिला आळस म्हणत होते.

पकडलं ते गोळीबाईनंच. पुढच्या खेपेला रांगेत भिंगरी समोर आली. "आ कर" म्हणायच्या आधी तिनं पोरीचा चेहरा पाहिला, पापणी खाली ओढली. आतला भाग कागदासारखा पांढरा. गोळ्यांची पिशवी तिथंच टाकून ती पोरीला उचलून माझ्याकडे आली. "मावशी, ही तुमची ना? आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात. चालवत नेऊ नका, उचलून न्या."

दवाखान्यात रक्त तपासलं. बारा असायला हवं ते सहा होतं. सून औषधं आणायला खाली गेली होती. मी एकटीच खाटेशी बसलेली. तेव्हा तिथली डॉक्टरीण आली. तरुण होती, घाईत होती, पण पोरीशी गोड बोलली.

"शाळेत शू-शीला कुठे जातेस गं?"

"भिंतीमागे," भिंगरी म्हणाली. "सगळेच तिथं जातात. आजीच्या संडासाला कुलूप असतं."

डॉक्टरणीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दवाखान्यात रोज इतकं ऐकणाऱ्या माणसाला राग परवडत नाही. तिनं मला समजावून सांगितलं. ज्याच्या पोटात किडे आहेत त्याच्या शौचातून अंडी मातीत जातात. मातीत पिल्लं होतात, डोळ्यांना न दिसणारी. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. दुसऱ्या जातीचे न धुतलेल्या हातावरून तोंडात जातात. "गोळी दिली तरी पोरं पुन्हा त्याच मातीत गेली तर काय उपयोग, आजी? जखम मांडीला आणि मलम शेंडीला."

ती गेली. मी पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हे कुलपाचं आईला सांगू नको हं."

"का?"

"म्हणून."

तिनं मान हलवली.

पंधरा दिवसांनी पालकांची सभा झाली. माझ्या नातीची बातमी गावभर पसरली होती, आणि तिच्या वर्गातली आणखी चार पोरं तशीच पांढरी निघाली होती. लोक चिडलेले. कोपऱ्यावरचा शिंपी पुढारी झाला. त्यानं अर्ज लिहूनच आणला होता, की नर्स गोळ्या नीट देत नाही, थट्टामस्करीत वेळ घालवते, हिला काढा.

कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, ती तर तोंड उघडून बघते."

"बघते ना!" शिंपी म्हणाला. "मग बेचाळीस कसे? बघताना डोळे मिटते काय?"

लोक हसले. माझ्या सुनेनं तावातावानं सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "आई, करा. आपल्या पोरीचा जीव जात होता."

मी तिथं उठून दोन वाक्यं बोलले असते तर अर्ज फाटला असता. मला ती दोन वाक्यं येत होती. डॉक्टरणीनं शिकवून ठेवली होती. पण समोर मोठे सर बसलेले, शेजारी सून, आणि साहेबांनी हात जोडले ते दृश्य अजून डोळ्यांत. मी मूग गिळले. सही केली. माझी सही मोठी, गोल, लहान पोरासारखी. बाकी सगळ्यांच्या सह्यांत ती उठून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाही कुलपं काढली. मोठे सर धावत आले. "मावशी, हे काय? घाण होईल."

"होऊ दे सर. धुवायला मी आहे."

दोन मोठी पिंपं मागून घेतली. मोठ्या वर्गातल्या पोरांची साखळी करून ती रोज भरून घ्यायची. जुन्या मोज्यात साबण घालून नळाला बांधला, म्हणजे कुणी पळवायला नको. भगदाडात काटे टाकले. संडासाला जाताना चपला घालायच्या, नाहीतर मी कान धरणार. इतके दिवस पाठीमागे कुलूपमावशी म्हणणारी पोरं मला आता चपलामावशी म्हणायला लागली. गुडघे ठणकायचे आणि मला ते ठणकणं बरं वाटायचं. वाटायचं, चला, फेडतेय. करून सवरून नामानिराळी राहिलेल्या बाईला फेडायचं समाधानही फुकटचं हवं असतं.

महिन्याभरानं गोळीबाई शेवटची आली, नव्या नर्सला शाळा दाखवायला. तिची बदली लांबच्या केंद्रावर झाली होती. कामात हलगर्जीपणा, असा शेरा घेऊन ती चालली होती. नवी नर्स मोठ्या सरांशी बोलत होती तेवढ्यात ती माझ्या पायरीवर आली, पण बसली नाही. संडासाची दारं उघडी होती, पोरं ये-जा करत होती. तिला त्यात नवीन काय दिसणार? ती यायची तेव्हा नेहमी तसंच असायचं.

"भिंगरी कशी आहे?"

"बरी आहे. काल एक गिरकी मारली."

"रक्ताच्या गोळ्या तीन महिने सोडू नका. शी काळी होईल, घाबरू नका." मग ती म्हणाली, "मावशी, मी रोज तेच आठवत बसते. शेवटच्या वर्गापर्यंत मी थकत असेन. दोन-चार तोंडं नीट बघितली नसतील. दुसरं काय असणार?"

माझ्या हातात भरलेली बादली होती. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

माझ्या जन्मातलं सगळ्यात वाईट वाक्य कोणतं असं कुणी विचारलं तर हेच. शिव्या मी पुष्कळ दिल्यात, त्यांचं काही वाटत नाही.

त्यानंतरच्या वर्षी पुन्हा काड्यापेट्या गेल्या. बेचाळीसचे नऊ झाले होते. डॉक्टर स्वतः शाळेत आले, नव्या नर्सला फुलांचा गुच्छ दिला आणि भाषणात म्हणाले, "माणूस बदलला की काम कसं बदलतं, याचं हे उदाहरण." टाळ्या वाजल्या. मी दाराशी उभी होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. मी कुलपं काढली आणि कुणाला सांगितलं नाही, म्हणून तिच्यावरचा आरोप खरा ठरला. मी पोरांना जितकं बरं केलं तितकी ती दोषी झाली. गप्प बसून चूक केली होतीच, आता गप्प बसून चूक सुधारली, आणि ती दुसरी पहिलीहून भारी पडली.

मीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. भिंगरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, ती आता कापड दुकानात हिशेब सांभाळते आणि तिची मुलगी, माझी पणती, पहिलीत आहे. पणतीला शाळेतून आणायचं काम माझं. गेल्या महिन्यात मी वर्गाच्या खिडकीशी उभी होते, आत जंताच्या गोळ्या चालू. नर्स तरुण, बुटकी. पोरीला म्हणते कशी, "चाव. गिळू नको, तू काय बदक आहेस?"

मी खिडकीच्या आणखी जवळ सरकले.

एकेका पोराला ती तोंड उघडायला लावत होती. बघायची, मग पुन्हा उघडायला लावून पुन्हा बघायची. वर्गाच्या बाई कंटाळून म्हणाल्या, "अहो सिस्टर, एकदा बघितलंत ना? घंटा होईल."

"माझ्या आईची सक्त ताकीद आहे," ती हसून म्हणाली. "तीही नर्स होती. एका शाळेत तिच्या हातून नजरचूक झाली आणि पोरं आजारी पडली. तेव्हापासून ती प्रत्येक तोंड दोनदा बघायची. मलाही तेच शिकवलंय."

मी तिथं काही बोलले नाही. माझी जुनी सवय. घरी आल्यावर भिंगरीला सांगितलं, पहिल्यापासून. तिनं दुकानाची पिशवी खाली ठेवली आणि ऐकत राहिली. मी विचारलं, "तुला आठवतं का गं, दवाखान्यात तू कुलपाचं बोलली होतीस?"

"आठवतं की. तूच म्हणालीस, आईला सांगू नको." मग म्हणाली, "मी अजून नाही सांगितलं, आजी."

आठ वर्षांच्या पोरीच्या पोटातले किडे औषधानं तीन महिन्यांत गेले. मी तिच्या पोटात ठेवलेलं हे तेवीस वर्षं तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनंच गोळीबाईचा पत्ता काढला, मला रिक्षात बसवलं आणि दारापर्यंत सोडून म्हणाली, "मी खाली थांबते. हे तुझं तू बोल."

गोळीबाई यंदाच निवृत्त झाली. दोन खोल्यांचं घर, खिडकीत कुंड्या, आणि ती खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. केस पांढरे. मला बघून इतकी आनंदली की मी उंबऱ्यातच उभी राहिले. "मावशी! अहो, तुम्ही अजून आहात? मला वाटलं गुडघ्यांनी तुम्हाला कधीच पोहोचवलं असेल! भिंगरी कशी आहे?"

तिनं भिंगरीचं विचारल्यावर मला आणखी थांबता येईना. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सहा कुलपं. भिंतीमागची माती. "जातात की, रोज धुते मी." दवाखाना. सही. दुसऱ्या दिवशी काढलेली कुलपं. बेचाळीसचे नऊ कशानं झाले ते.

तिनं खुर्चीवरचे पाय खाली घेतले. मला वाटलं म्हणेल, जाऊ द्या, जुनं झालं. म्हातारी माणसं म्हणतात तसं. मी त्याच आशेनं गेले होते, उगाच सोंग कशाला आणू?

"मला पर्यवेक्षिकेची जागा देत होते," ती म्हणाली. "दोनदा. मी घेतली नाही. म्हटलं, जिला स्वतःच्या शाळेतली तोंडं नीट बघता आली नाहीत ती दुसऱ्यांच्या चुका काय काढणार?" तिचा आवाज चढला. "तेवीस वर्षं मावशी! मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. घरी भाजी निवडतानासुद्धा दोनदा बघते!"

मी म्हटलं, "हो."

"हो काय?"

दुसरं काय म्हणणार? माफ कर म्हणायला गेले होते, पण त्या शब्दाचं तिनं काय करायचं?

तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली. मुलगी बाहेर आली, तीच शाळेतली. गणवेश बदलत होती, एका बाहीत हात अजून गेला नव्हता. गोळीबाई म्हणाली, "बस इथं. या मावशी काय सांगतात ऐक. मावशी, पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा सांगणं अवघड गेलं. पहिल्यांदा मी ते ओतून टाकलं होतं. ही पोरगी प्रश्न विचारत होती, धंद्यातल्या माणसासारखे. संडास किती? आई यायची हे तुम्हाला आधी कसं कळायचं? भिंतीमागची जागा नळापासून किती पावलांवर? मी पावलं मोजून सांगितली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला दवाखान्यातच कळलं होतं. मग सभेत का नाही बोललात?"

उत्तरं माझ्याकडे होती. गुडघे होते, पाणी वाहावं लागत होतं, नोकरी जाईल अशी भीती होती. सगळी खरी. पण ती पोरगी बाही अर्धवट घालून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या आईसमोर मला आणखी एका खऱ्या वाक्याच्या पदराआड जायचं नव्हतं.

"मला साहेबांनी हात जोडले होते," मी म्हटलं. "ते मला सोडवत नव्हतं."

पोरीनं राहिलेला हात बाहीत घातला. उठून आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. गोळीबाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि एकदम तिचा तो शाळेतला आवाज आला.

"ते डॉक्टर अजून आहेत. पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांनीच शेरा लिहिला होता."

"असू देत," मी म्हटलं. "त्यांनाही सांगते."

"परवा सकाळी दहाला या. मी बरोबर येईन. मला समोर बसून ऐकायचंय." मग म्हणाली, "त्यांना आता ऐकू कमी येतं. मोठ्यानं बोलावं लागेल. घरात सुना, नातवंडं, शेजारी, सगळ्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि जिना उतरायला लागले. भिंगरी खाली उभी होती.